देव आधी, खटका नंतर

ट्रकची केबिन चार ठिकाणी गाडीला धरलेली असते. पुढच्या बाजूला दोन बिजागऱ्या, मागच्या बाजूला दोन खटके. खटके सोडून हातपंप मारला की अख्खी केबिन, आतल्या सीट, गादी, पंखा आणि चपलांसकट, पुढे वाकते आणि खालचं इंजिन उघडं पडतं. काम झालं की केबिन खाली येते, खटके बसतात, गाडी चालू लागते. एवढं मला माहीत होतं. खटके बसले आहेत हे चालकाला कशावरून कळतं, ते माहीत नव्हतं. ते मला हुबळीजवळच्या तारिहाळमधल्या एका गॅरेजात, भर दुपारी कळलं. तोवर माझा थोरला भाऊ गाडी घेऊन बायपासला लागला होता.

भावाला घरात सगळे अण्णा म्हणतात. आमचं घराणं मूळचं मिरजेकडचं. आजोबांनी हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान टाकलं, वडिलांनी चालवलं, आणि अण्णाने गल्ल्यावर बसायचं नाकारून स्टिअरिंग धरलं. मी त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. हुबळीतल्या एका कन्नड दैनिकाच्या डेस्कवर मी बावीस वर्षं बातम्या तपासते आहे. त्यांत ट्रकच्या अपघातांच्या बातम्या जवळजवळ रोज असतात. बहुतेकांत एक वाक्य ठरलेलं असतं: चालकाचं नियंत्रण सुटल्याने.

अण्णाच्या आयुष्याचे टप्पे मला त्याच्या केबिनांवरून आठवतात. तो शिकला तेव्हा काही जुन्या गाड्या नाकवाल्या होत्या. इंजिन पुढे, लांबट बॉनेटखाली, आणि चालक त्याच्या मागे. मग सपाट तोंडाच्या गाड्या आल्या. त्यांत इंजिन चालकाच्या शेजारी, केबिनच्या आतच, झाकणाखाली. त्या झाकणावर गोधडी टाकून लोक बसत, झोपत. उन्हाळ्यात अण्णाच्या डाव्या पायाची पोटरी कायम लालसर असायची. लहानपणी मी त्याला विचारलं होतं, नाक बरं की सपाट तोंड बरं. तो म्हणाला होता, "नाक असताना पुढं नाक होतं. आता पुढं आपणच."

त्या काळी कारखान्यातून नुसता सांगाडा यायचा: चाकं, इंजिन, स्टिअरिंग, आणि बसायला लाकडी खोकं. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला पंचा बांधून चालक तसाच शेकडो मैल उघड्यावर येत आणि इथला सुतार त्यावर लाकूड-पत्र्याची केबिन बांधत असे. अण्णाची पहिली केबिन अशीच हुबळीत बांधलेली होती. ती वाकत नव्हती. पावसात गळायची, पण जागची हलायची नाही.

आताची त्याची गाडी म्हणजे घोडा. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या भागाला धंद्यात घोडाच म्हणतात. केबिन कारखान्यात बनलेली, सीटच्या मागे एक माणूस झोपेल एवढा बाक. एसी नाही, एसीची सक्ती नंतर आली. समोरच्या काचेखाली बोटभर उंचीचा पितळी मारुती, खाली लोहचुंबक लावून चिकटवलेला. आणि मीटरच्या पट्टीवर एक लाल टिकली. ती टिकली वहिनीची. केबिनचा खटका उघडा असला की तिथे एक लाल दिवा लागायचा. दोन वर्षांपूर्वी वायर बिघडली आणि तो दिवा कायमच लागून राहिला. डोळ्यांत खुपतो म्हणून अण्णाने वहिनीच्या पाकिटातली टिकली काढून त्यावर चिकटवली.

त्या दिवशी मला सुट्टी होती. अण्णा कापसाच्या गाठींचा कंटेनर घेऊन मुंबईकडच्या बंदराला निघणार होता आणि निघता निघता पाण्याचा पाइप गळू लागला म्हणून गाडी गॅरेजात होती. वहिनीने उणकलच्या घरून माझ्याबरोबर डबा पाठवला. मी स्कूटरवरून पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि समोर ऑइलने काळी झालेली जमीन. मिस्त्री पन्नाशीचा, अण्णाच्या गाड्या वीस वर्षं बघणारा. त्याची मराठी कन्नडच्या वळणाची आणि माझी कन्नड मराठीच्या, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. मला बघून तो म्हणाला, "या अक्का. पेपरवाल्या आल्या म्हणजे उद्या आमचं नाव येणार."

"काम चांगलं केलं तर येत नाही," मी म्हटलं. "बिघडवलं तरच येतं."

"मग नको बाबा," तो हसला.

केबिन वाकवण्याआधी त्याने आत चढून मारुती काढला, टॉवेलात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "धरा. देव उपडा करायचा नाही." मग त्याने शेडमधल्या माणसाला खूण केली. शेजारी कुणी तरी इंजिन रेस करत होतं, बोलणं ऐकू येत नव्हतं. मिस्त्रीने कोपरापासून हात उभा धरला आणि मनगट पुढे मोडलं. पंप सुरू झाला. केबिन हळूहळू पुढे गेली. समोरची काच जमिनीकडे बघू लागली. आत राहिलेली एक प्लास्टिकची बाटली घरंगळत काचेवर येऊन आपटली. मी दोन पावलं मागे झाले.

"घाबरू नकोस," अण्णा म्हणाला. "ती पडत नसते."

"मग ती दांडी कशाला लावलीय?" मी विचारलं. वाकलेल्या केबिनखाली एक लोखंडी टेका लावलेला होता.

"पडली तर म्हणून."

तासाभरात पाइप बदलून झाला. केबिन खाली आली. मिस्त्री मागच्या बाजूला चढला, डावा खटका हलवून पाहिला, उजवा पाहिला, काही तरी पुटपुटला आणि मोटारसायकल घेऊन कुठे तरी गेला. अण्णा हातपाय धुवायला शेडच्या मागच्या नळावर गेला होता. मी मारुती हातात घेऊन उभी होते.

यानंतर मी जे केलं त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी घोड्याच्या पायऱ्या चढले. काचेखालची धूळ टॉवेलने पुसली. मारुती त्याच्या जागी ठेवला, चुंबकाने तो टक् करून धरला. पेटीत उदबत्त्या होत्या; एक लावली. काम संपलं, केबिन खाली आली, देव उतरवला होता तो बसवायचा, यापलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हतं.

अण्णा आला. खालून त्याने काचेकडे पाहिलं, उदबत्तीचा धूर पाहिला, डबा घेतला. "चल, येतो गं. मिस्त्रीला सांग, परत आल्यावर भेटतो." गाडी फाटकातून बाहेर पडली. मी हात हलवला.

मिस्त्री दहा मिनिटांनी आला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला एक लोखंडी तुकडा होता. रिकाम्या जागेकडे बघत तो उभाच राहिला.

"गाडी?"

"गेली. तुम्हाला निरोप दिलाय."

"देव न बसवता?"

"बसवला की. मी बसवला."

त्याने काही म्हणायच्या आधी त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मग त्याने शांतपणे सांगितलं, आणि तो शांतपणा मला जास्त लागला. उजव्या खटक्याचा आकडा झिजला होता, तो बसतच नव्हता. डावा बसल्यासारखा दिसत होता, पण एकट्याने धरेल याची खात्री नव्हती. जास्तीचा तिसरा हूक असतो, तो वेल्डिंगला काढून ठेवला होता. नवा आकडा आणायला मिस्त्री गेला होता. जाताना कुणालाच काही सांगितलं नाही, कारण सांगायची गरज नव्हती. या गॅरेजात खटका हाताने हलवून बघणारा माणूसच देव परत बसवतो. देव खाली असेपर्यंत कुठलाही चालक गाडी हलवत नाही. वीस वर्षांत कुणी हलवली नव्हती.

"एवढं काय होईल?" मी विचारलं.

"सरळ चालली तर काही नाही. वजनाने बसून राहते. जोरात ब्रेक मारला तर…" त्याने हात उभा धरला आणि मनगट पुढे मोडलं.

मी फोन काढून अण्णाला लावला. पूर्ण वाजला. त्याने उचलला नाही. चालवताना तो उचलत नाही. मी पुन्हा लावणार एवढ्यात मिस्त्रीने माझं मनगट धरलं. "ब्याड अक्का, ब्याड! दुसरा नको!"

आमच्या घरात एक नियम आहे. एक मिस्ड कॉल म्हणजे सवडीने फोन कर. पाठोपाठ दुसरा आला म्हणजे घरी काही तरी झालंय, असशील तिथे गाडी थांबव. वडील गेले त्या दिवशी दुसरा कॉल मीच केला होता. मिस्त्रीला हा नियम माहीत होता, मला माहीत होता, आणि तरी माझा अंगठा अण्णाच्या नावावर होता. दुसरा कॉल गेला असता तर त्याने ब्रेक मारला असता.

मिस्त्रीने तो लोखंडी भाग, हातोडी आणि पाने पिशवीत भरले. मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले. बायपासला लागताच मला वहिनी आठवली. एकच्या सुमाराला ती रोज अण्णाला फोन करते, जेवलात का विचारायला. एक वाजायला सोळा मिनिटं होती. माझा पहिला कॉल होऊन गेला होता. तिचा दुसरा ठरला असता. वाऱ्यात फोन कानाशी दाबून मी तिला गाठलं.

"वहिनी, अण्णाला आज फोन करू नका."

"का हो ताई? काय झालं?"

"काही नाही. त्याचा फोन… चार्जिंगला आहे."

"डबा दिलात ना? आणि एवढा वारा कसला? कुठं आहात?"

"दिला. तीन वाजेपर्यंत करू नका. एवढं ऐका माझं."

"बरं," ती म्हणाली. मी फोन बंद करून पिशवीत टाकला, मग पिशवीत चुकून दाबला जाईल म्हणून पुन्हा हातात घेतला.

बायपासच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं. कुठे नवा रस्ता उघडला होता, कुठे पिंपं लावून वाहतूक एका बाजूला वळवली होती. प्रत्येक वळणावर समोरून गाड्या अंगावर आल्यासारख्या येत होत्या. मी आमच्यासाठी घाबरत नव्हते. प्रत्येक पिंपापाशी, प्रत्येक आडव्या येणाऱ्या दुचाकीपाशी मी एवढंच मोजत होते, की इथे त्याने ब्रेक मारला असेल का. पुढे कुठे गर्दी जमलेली दिसली की मी मिस्त्रीच्या खांद्यावरून मान लांब करून बघायचे. एके ठिकाणी दहा-बारा माणसं उभी होती. ती कलिंगडं घेत होती. आणि डोक्यात, सवयीने, ती बातमी तयार होत होती. एका कॉलमची, चार ओळींची. धारवाडजवळ बायपासवर चालकाचं नियंत्रण सुटल्याने. ती कुणी तपासली असती तर त्यात काही चूक सापडली नसती.

नरेंद्र गावाच्या अलीकडे कंटेनर दिसला. मागून फक्त निळी भिंत. मिस्त्रीने मोटारसायकल मधल्या रेषेकडे घेतली, तेव्हा बाजूने केबिन दिसली. तिचा मागचा काठ आणि सांगाडा यांच्यामध्ये, जिथे काही दिसायला नको, तिथे उजेडाची एक फट होती. रस्ता गुळगुळीत असला की ती मिटायची, खड्डा आला की उघडायची.

तेवढ्यात पुढे एक रिक्षा डावीकडून रस्त्यावर आली. ट्रेलरचे मागचे दिवे लागले. फट बोटभर झाली, मग वीतभर. केबिनची मागची बाजू वर उचलली गेली, मी ती पाहिली, आणि धप्प करून खाली बसली. दिवे विझले. रिक्षा निघून गेली होती. माझ्या तोंडातून आवाज आला की नाही, आठवत नाही.

"त्यांना खड्डा वाटला असेल," मिस्त्री ओरडून म्हणाला. "पुढं टोल आहे अक्का. त्याच्या आधी गाठायला पाहिजे. तुम्ही तोंड झाका."

"काय?"

"तोंड झाका! तुम्हाला ओळखलं तर ते घाबरून ब्रेक मारतील!"

मी ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळली. माझ्या तोंडावर तेव्हा काय होतं ते मला माहीत नाही, पण ते अण्णाला दिसू नये हे खरं होतं. मिस्त्रीचं तोंड हेल्मेटमध्ये होतं. समोरून येणारी बस गेली आणि तो पुढे घुसला. आम्ही कंटेनरच्या कडेने, एकेक चाक मागे टाकत, चालकाच्या खिडकीखाली आलो. खिडकी उघडी होती. अण्णाचं कोपर बाहेर होतं.

मिस्त्रीने हॉर्न वाजवला नाही. मी डावा हात उभा धरला आणि मनगट पुढे मोडलं. एकदा. दोनदा. मग तळवा खाली करून, हवा थोपटल्यासारखी, हळू, हळू.

अण्णाने खाली पाहिलं. त्याला एक अनोळखी, तोंड झाकलेली बाई दिसली, आणि तिच्या हातात गॅरेजातली खूण. त्याने एकदा मान वळवून स्वतःच्या पाठीमागे, बाकाकडे पाहिलं. मग समोर. ब्रेकचे दिवे लागले नाहीत. इंजिनचा आवाज बदलला, गिअर उतरला, मग आणखी एक. ट्रेलर त्याच रेषेत मंदावत गेला, डावीकडच्या मातीवर उतरला, आणि थांबायला इतका वेळ लागला की मिस्त्रीने मोटारसायकल दोनदा बंद पाडली.

अण्णा उतरला. मी ओढणी सोडली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं, केबिनच्या मागे जाऊन फटीत हात घातला आणि लगेच काढला.

"देव कुणी बसवला होता?" त्याने विचारलं.

"मी."

त्याने मान हलवली. शिवी दिली नाही; दिली असती तर मिस्त्रीलाच दिली असती. मिस्त्री स्वतःहूनच म्हणाला, "जाताना सांगून जायला पाहिजे होतं. चूक माझी." अण्णा केबिनमध्ये चढला, मारुती काढला, आणि सकाळी मिस्त्रीने दिला होता तसाच माझ्या हातात दिला. मग मीटरवरची टिकली नखाने खरवडली. खाली दिवा लागलेलाच होता.

मिस्त्रीने अर्धा तास हातोडी चालवली. दोन्ही खटके बसले तेव्हा दोन वेगवेगळे आवाज आले. मग तो खाली उतरला आणि मला म्हणाला, "अक्का, आता तुम्ही हलवा." मी चढले. उजवा दांडा दोन्ही हातांनी ओढला. हलला नाही. डावा ओढला. पुन्हा उजवा. अण्णा खालून म्हणाला, "उपटणार काय आता?" तरी मी आणखी एकदा ओढला आणि मगच देव बसवला.

तो निघण्याआधी आम्ही चाकाच्या सावलीत बसून डब्यातली भाकरी खाल्ली. त्याचा फोन खिशात होता. त्याने काढून पाहिला.

"एकच कॉल केलास."

"मिस्त्रीने हात धरला."

त्याने हातातला भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"तो कॉल वाजला तेव्हा मी भरल्या वेगात होतो," तो म्हणाला. "बंद झाल्यावर दुसरा येतोय का बघत होतो. पाय ब्रेकवरच ठेवला होता."